मुलांची माफी मागितली की धाक जातो?

सकाळची घाई आणि स्कूटरची किल्ली जागेवर नाही. घरात किल्ल्यांशी खेळणारा एकच, तिसरीतला. 'कुठे टाकलीस?' 'मी नाही घेतली.' 'वर खोटं बोलतोस?' थोड्या वेळाने किल्ली बाबांच्याच कालच्या पँटच्या खिशातून निघते. बाबा म्हणतात, 'बरं, चल, बूट घाल. उशीर होतोय.'

'चुकलं माझं' एवढं म्हणायला वेळ लागत नाही. तरी ते ओठांवर येत नाही, कारण मनात काही समज घट्ट बसलेले असतात.

त्यातला सगळ्यांत पक्का समज म्हणजे 'धाक राहणार नाही'. पण किल्ली कुणाच्या खिशात होती हे पोराने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. गप्प राहून काहीच झाकलं जात नाही. उलट 'चूक कबूल करायची' हा नियम फक्त लहानांसाठी आहे, एवढं त्याला कळतं. शिवाय माफी आपल्या वागण्याची असते, नियमाची नव्हे. 'मोबाइल आठ वाजता ठेवायचा, हे ठरलंय. पण मी तो पाहुण्यांसमोर हिसकावून घेतला, ते चुकलं.' दोन्ही एका दमात सांगता येतं, आणि मोबाइल आठलाच ठेवला जातो. डर्बनमध्ये कस्तुरबांना हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेल्याचा प्रसंग गांधीजींनी आत्मचरित्रात स्वतःच लिहिला. त्याने त्यांचं वजन काही कमी झालं नाही.

'लहान आहे, विसरतो.' विसरतो की बोलत नाही, हे तपासून पाहायला हवं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970च्या दशकात काही महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला. आई बाळाशी खेळत असते आणि मधेच चेहरा कोरा करून नुसती बघत राहते. बाळ आधी हसतं, हातवारे करतं, ओरडून पाहतं. काहीच उपयोग झाला नाही की तोंड फिरवतं. जे बाळ बोलूही शकत नाही, त्याला इतकं कळतं, तर तिसरीतल्याला किल्लीचं कळत नसेल?

ट्रॉनिक यांच्याच पुढच्या अभ्यासातून दिलासा देणारी गोष्टही समोर आली. एरवी चांगल्या चाललेल्या मायलेकरांचे सूरही सुमारे 30 टक्के वेळच जुळलेले असतात. बाकी वेळ ते बिघडतात आणि पुन्हा जुळवले जातात. म्हणजे आवाज चढला की मूल कायमचं दुखावलं, हाही गैरसमजच. मुलाला कधीही न चुकणारे आईबाप लागत नाहीत. बिघडलेलं पुन्हा जुळवणारे मात्र लागतात.

आता आपल्या घरोघरी चालणारा उपाय: 'आइस्क्रीम आणलं की झालं.' दुपारी जोरात ओरडायचं आणि संध्याकाळी कोन आणायचा. आधीच्या पिढीत आई रागावल्यावर रात्री ताटात गुपचूप जास्तीचं तूप वाढायची, तोच हा प्रकार. त्याला अगदी मोडीत काढता येणार नाही, कारण नुसत्या शब्दांचंही फार कौतुक नको. व्हर्जिनिया विद्यापीठात मारिसा ड्रेल आणि विक्रम जसवाल यांनी सहा-सात वर्षांच्या मुलांना प्लास्टिकच्या पेल्यांचा मनोरा रचायला दिला. मनोरा होत आला की तिथली एक मोठी व्यक्ती धक्का लागल्यासारखं करून तो पाडायची. काही मुलांना तिने 'सॉरी' म्हटलं, काहींना काहीच नाही, आणि काहींना मनोरा पुन्हा उभा करायला हात दिला. नुसत्या 'सॉरी'ने मुलांना फारसं बरं वाटलं नाही. ज्यांना पुन्हा रचायला मदत मिळाली, त्यांना वाटलं. हे निष्कर्ष 2016मध्ये प्रसिद्ध झाले.

पण मदत मिळाली ती मनोरा रचायला. तिथे आइस्क्रीम आणून काय होणार होतं? आपण जे पाडलं तेच उचलायचं असतं. चित्र फाटलं असेल तर चिकटपट्टी घेऊन शेजारी बसायचं. मामा-मामींसमोर 'खोटारडा' म्हटलं असेल तर मामा-मामींसमोरच सांगायचं, 'किल्ली माझ्याच खिशात होती. मी न बघता ओरडलो. हा खरं बोलत होता.' एकांतात पाठीवरून हात फिरवणं सोपं असतं, पण मामीच्या मनात तो खोटारडाच राहतो. ही भरपाई आपल्याकडे सर्रास राहून जाते.

'सॉरी म्हटलं ना, आता हस बघू!' ही माफी नाही, हे दुसरं फर्मान. रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी 2016मध्ये माफीचे सहा घटक प्रौढांसमोर ठेवून पाहिले. सगळ्यांत जास्त वजन पडलं ते 'चूक माझी' हे मान्य करण्याला, त्याखालोखाल भरपाईला. 'मला माफ कर' ही विनंती शेवटच्या क्रमांकावर गेली. म्हणून 'सॉरी, पण तूही नेहमी वस्तू उचलतोस' यातला 'पण' गाळायचा. रडून माफी मागायची तऱ्हा तर त्याहून वाईट. मार खाल्लेलं पोरच मग 'आई, रडू नकोस ना' म्हणत तिचे डोळे पुसतं. आणि हात पुन्हा पुन्हा उठत असेल, तर दरवेळच्या माफीची किंमत मुलाला बरोबर कळते.

राहता राहिला 'आता काय उकरून काढायचं?' हा समज. समजा, मुलगी चाळिशीत आहे आणि दहावीनंतर तिला चित्रकला सोडून सायन्सला घातल्याला पंचवीस वर्षं झाली. विषय निघाला की आई म्हणते, 'तुझ्या भल्यासाठीच केलं.' ते खोटंही नसतं. पण मुलीची तक्रार हेतूबद्दल नसते, आपल्याला कुणी विचारलंच नाही याबद्दल असते. 'तुला विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही,' एवढं सत्तरीतही म्हणता येतं. त्यावर ती कदाचित 'असू दे गं' म्हणून भाजीचा विषय काढेल. काढू द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून 'राग गेला ना?' असं विचारू नये.