माज अडतो तो मेंदूत

म्हैस व्याली, दूधही चांगलं देते, पण तीन महिने झाले तरी माजावर येत नाही, ही तक्रार गोठ्यागोठ्यांतून ऐकू येते. संशय आधी गर्भाशयावर जातो आणि मग इंजेक्शनाची मागणी होते. पुष्कळदा गर्भाशय ठणठणीत असतं. माज अडवून धरलेला असतो मेंदूनं.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. भूकही तोच सांभाळतो आणि प्रजननही. तिथून जीएनआरएच हे संप्रेरक सुटतं, ते पिट्युटरी ग्रंथीला एलएच सोडायला लावतं आणि एलएचमुळे बीजांडकोशातलं बीज पिकून बाहेर पडतं. जीएनआरएच सतत वाहून चालत नाही, थांबून थांबून सुटावं लागतं. अर्न्स्ट नोबिल यांच्या गटानं १९७८ मध्ये ऱ्हीसस माकडांवर हे दाखवलं: तासाला एकदा दिलं तर एलएच वाढलं, अखंड दिलं तर घटलं. भूक हात घालते ती याच लयीत.

कसा, हे एका लठ्ठ उंदरानं उलगडलं. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत सापडलेल्या या वाणाचे उंदीर सारखे खात, फुगत, आणि माद्या वांझ राहत. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला कारण मिळालं. चरबीतून लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात येतं आणि शरीरात साठा किती आहे, हे मेंदूला कळवतं. या उंदरांत तेच बनत नव्हतं. अंगावर चरबीचे थर असूनही मेंदू उपाशीच होता. १९९६ मध्ये अशा माद्यांना लेप्टिन टोचलं, तेव्हा त्या गाभण राहिल्या. नुसतं खाणं तोडून बारीक केलेल्या माद्या मात्र वांझच राहिल्या. माझ्या मते या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग हाच. मेंदू चरबी मोजत नाही, तिच्याकडून आलेला निरोप ऐकतो.

गंमत अशी, की जीएनआरएच बनवणाऱ्या पेशींना लेप्टिन थेट ऐकूच येत नाही. निरोप मधल्या पेशींमार्फत जातो. किसपेप्टिन बनवणाऱ्या पेशी जीएनआरएचला चालना देतात, तर उपासात जोर धरणारं, भूक चेतवणारं एनपीवाय त्याला आवर घालतं. मेंढ्या आणि गाईंच्या मेंदूत एनपीवाय सोडल्यावर एलएच घटल्याचं दिसलं आहे. सगळीकडे एकच नियम मात्र लागत नाही. उंदरांमध्ये इस्ट्रोजेन हजर असताना हेच एनपीवाय एलएच वाढवतं. जठरातून येणारं घ्रेलिनही भुकेची वर्दी देत एलएचला मागे खेचतं.

आता पुन्हा गोठ्याकडे येऊ. व्यायल्यावर दूध झपाट्यानं वाढतं, खाणं मात्र त्या वेगानं वाढत नाही. ही तूट जनावर अंगावरची चरबी जाळून भरून काढतं. लेप्टिन आणि इन्सुलिन उतरतं, एलएचची लय मंदावते, बीज वाढतं पण बाहेर पडत नाही. म्हशीत त्यात मुक्या माजाची भर पडते. पाजत्या जनावरात वासरानं पिण्याचाही लयीवर दाब असतो. अर्धपोटी वाढवलेल्या मेंढीच्या पिलांवरचा अनुभवही हेच सांगतो: ती वयात यायची थांबतात, आणि पोटभर चारा मिळू लागला की काही आठवड्यांत वयात येतात.

म्हणून पशुपालकांना कळकळीची विनंती आहे. गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत जनावर भाकड आहे म्हणून त्याचा खुराक तोडू नका. व्यायल्यावर फासळ्या उघड्या पडू लागल्या, तर माजाची वाट न पाहता आंबोण, हिरवा चारा आणि खनिज मिश्रणाकडे आधी पाहा. डॉक्टर तपासायला येतील तेव्हा जनावर काय आणि किती खातं, हे त्यांना सगळ्यात आधी सांगा.