दम लागतो, पण कारण पोटात असेल तर?

जेवल्यावर किंवा आडवे झाल्यावर दम लागतो, उशा वाढवाव्या लागतात. फुफ्फुसाच्या तपासणीत मात्र विशेष काही सापडत नाही. अशा वेळी पोटाकडेही लक्ष द्यायला हवे.

श्वासपटल म्हणजे काय?

छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा एक स्नायू असतो. त्याला श्वासपटल म्हणतात. श्वास घेताना तो खाली सरकतो आणि फुफ्फुसांत हवा भरते. पोटातील दाब वाढला की त्याला खाली सरकायला जागा उरत नाही. आडवे झाल्यावर पोटातील अवयव वर ढकलले जातात, म्हणून त्रास वाढतो.

पोटाची कोणती कारणे असू शकतात?

• जलोदर: यकृताच्या आजारात पोटात पाणी साठते. पोट फुगते, पायांना सूज येते. कधी हे पाणी छातीतही उतरते.
• यकृतातील गळू: ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे आणि कधी उजव्या खांद्यात कळ. श्वासपटलाची नस मानेतून येते, म्हणून दुखणे खांद्यात जाणवते.
• पोटाचे ऑपरेशन: दुखते म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकणे टाळतो. कफ साठून न्यूमोनिया होऊ शकतो.
• लठ्ठपणा, हायटस हर्निया, गरोदरपणाचे शेवटचे महिने.

तुम्ही काय करावे?

पोटाची सोनोग्राफी कधी करायची हे डॉक्टरांना विचारा. जलोदर असल्यास मीठ कमी करा. लघवीच्या गोळ्या स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका. ऑपरेशननंतर पोटावर उशी धरून खोका आणि गोळ्यांच्या यंत्राने सांगितल्याप्रमाणे श्वासाचा व्यायाम करा.

"गॅस असेल" म्हणून थांबू नका

अचानक दम लागणे, छातीत दाब, ओठ निळे पडणे, पोट दगडासारखे कडक होणे, रक्ताची उलटी, जलोदराच्या रुग्णाला ताप किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसल्यास लगेच १०८ ला फोन करा. हृदयविकाराचा झटकाही गॅससारखा वाटू शकतो. वारणानगरहून कोल्हापूरच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचायला वेळ लागतो, म्हणून सकाळची वाट पाहू नका.