भंडारदऱ्याला नावेत बसताना
सुट्टी लागली की नगरकरांना भंडारदरा आठवतो. संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडीला उतरायचं, 1926 साली पुरं झालेलं विल्सन धरण बघायचं, आणि मग मुलांचा हट्ट सुरू : “आई, बोटीत!” समोर प्रवरेचं अडवलेलं पाणी, मागे रतनगड, पलीकडे रतनवाडीचा अमृतेश्वर. हट्ट आपलाही असतोच म्हणा!

जरूर बसा. पण दशम्या-चटणीच्या डब्याइतकीच पाण्याचीही तयारी हवी. आधी नावाड्याकडची लाइफ जॅकेटं मोजा. माणसं जास्त असली तर सरळ दोन फेऱ्या करा. मुलाच्या जॅकेटचे पट्टे आवळले की ते खांद्यांपाशी धरून वर ओढून पाहा. कानापर्यंत सरकलं तर ते त्याच्या मापाचं नाही. पाण्यात मूल त्यातून निसटेल. “मला पोहता येतं की!” म्हणणाऱ्या यजमानांनाही सोडू नका हं.

साडी भिजली की पायांना गुंडाळते, म्हणून त्या दिवशी सलवार-कमीज बरी. एकेकाने वाकून, नावेच्या मध्यावर पाय ठेवून चढावं. फोटोसाठी सगळी एका बाजूला गोळा झाली की नाव कलते.

आणि निघायचं ते सकाळीच. वैशाखात दुपारनंतर वळवाचा वारा कधी सुटेल, नेम नसतो. 2024 च्या मे महिन्यात उजनीच्या पाण्यात अशाच वाऱ्याने बोट उलटून सहा जीव गेले. डोंगराआड आभाळ काळवंडलेलं दिसलं, तर बोटीचे पैसे बुडाले तरी चालतील. काठावरच सतरंजी पसरून डबा उघडा.