जुन्या टँकरचा गळका रेडिएटर : दुरुस्ती की बदल?

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाताना शेंद्रा औद्योगिक वसाहत मागे टाकली की करमाड लागते. रेल्वे स्थानक, बाजार आणि हमरस्ता एकत्र आल्यामुळे या गावी मालमोटारींची वर्दळ बाराही महिने असते आणि उन्हाळ्यात तीत पाण्याच्या टँकरांची भर पडते. हा परिसर अवर्षणप्रवण. १९७२ च्या दुष्काळाची झळ त्याने सोसली आणि २०१२-१३ च्या टंचाईत संभाजीनगर व जालना या दोन्ही जिल्ह्यांतील अनेक गावे टँकरच्या खेपांवर विसंबून होती. टँकर म्हणून धावणाऱ्या गाड्यांपैकी काही पूर्वी माल वाहून थकलेल्या मालमोटारी असतात. अशा गाडीचा रेडिएटर गळू लागला तर इंजिन तापते, खेप चुकते आणि एखाद्या वस्तीवरील हंडे रिकामे राहतात. म्हणून हा विषय केवळ मिस्त्रीवर सोपवून चालत नाही. गाडी भाड्याने घेणाऱ्या ग्रामपंचायतीने व देयक मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यानेही तो समजून घेणे अगत्याचे आहे.

डिझेलमधील सर्व उष्णता चाकांपर्यंत पोचत नाही. तिचा काही भाग धुराबरोबर निघून जातो आणि ढोबळमानाने पाव ते तृतीयांश इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरतो. हे तापलेले पाणी पंपाच्या जोराने रेडिएटरच्या वरच्या टाकीत येते, तेथून अरुंद, चपट्या नळ्यांतून खाली उतरते आणि वाटेत नळ्यांना जोडलेल्या पातळ पत्र्यांमधून पंख्याने ओढलेली हवा त्याची उष्णता काढून घेते. वरचे झाकण साधे नसते. त्यात स्प्रिंगची झडप असते व ती आत दाब राखते. करमाडच्या उंचीवर उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९८ अंश सेल्सियसला उकळते. आत प्रति चौरस सेंटीमीटर अर्धा किलो जादा दाब असला तर तेच पाणी ११० अंशांच्या आसपास उकळते. झाकणाची रबरी चकती झिजली की हे संरक्षण जाते. गळती नसतानाही पाणी उतू जाते आणि दोष रेडिएटरला दिला जातो. झाकण बदलण्याचा खर्च किरकोळ असल्याने तपासणीचा आरंभ तेथूनच करावा.

गळतीची कारणे अनेक आहेत. पंख्याचे पाते लागणे, खडी उडून आदळणे, गाडीच्या चौकटीवरील रबरी बैठका झिजल्यामुळे हादरे बसून टाकीचा सांधा उकलणे, ही कारणे डोळ्यांना दिसतात. परंतु आपल्याकडील मोठे कारण दिसत नाही, कारण ते पाण्यात विरघळलेले असते. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणातील विहिरींचे व विंधन विहिरींचे पाणी बहुधा जड असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार तापल्यावर खाली बसतात. पाणी तापविण्याच्या बंबात पांढरा थर धरतो तो हाच. रेडिएटरच्या नळीत असा थर साचला की वाट अरुंद होते, उष्णता बाहेर पडण्यास अडथळा येतो, इंजिन अधिक तापते, पाणी अधिक उडून जाते आणि चालक पुन्हा तेच पाणी भरतो. टँकरच्या चालकापाशी तर पाणी पाठीशीच असते! प्रत्येक भरणीबरोबर चुन्याचा नवा हप्ता आत जातो. थराखाली धातू कुरतडला जाऊन शेवटी सुईच्या टोकाएवढे छिद्र पडते. हे छिद्र बुजविले आणि पाणी मात्र तेच ठेवले, तर काही महिन्यांनी शेजारची नळी गळू लागते. एकाच गाडीच्या दुरुस्तीची देयके पुन्हा पुन्हा येतात, ती बहुधा यामुळेच.

वाटेत गाडी थांबली म्हणजे रेडिएटरमध्ये हळदपूड टाकण्याचा उपाय अनेक चालक करतात. पूड फुगून छिद्रात अडकते आणि गाडी मुक्कामाला पोचते, हे खरे. पण पूड फक्त छिद्रातच अडकेल असे नाही. आधीच चुन्याने आवळलेल्या चांगल्या नळ्यांतही ती बसते. बाजारात मिळणाऱ्या गळतीरोधक द्रवांबाबतही हाच धोका असतो. गाव गाठण्यापुरता हा उपाय क्षम्य मानावा, त्यानंतर मात्र सारी यंत्रणा धुऊन काढावी.

गळती नेमकी कोठे आहे हे ठरविल्याशिवाय रेडिएटर उतरवू नये. रबरी नळ्या व त्यांच्या क्लिपा, खालची तोटी आणि पाण्याचा पंप आधी पाहावा. पंपाच्या बुडाशी एक लहान भोक मुद्दाम ठेवलेले असते. त्यातून सतत थेंब पडू लागले तर पंपाची सील गेली असे समजावे. बाहेर ओल नाही आणि तरीही पाणी कमी होते, असे असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढून ते सुरू करावे. पाण्यात बुडबुडे थांबता थांबत नसतील तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत असण्याचा संभव मोठा. इंजिनाचे तेल दुधाळ दिसणे हीही तशीच खूण. अशा गाडीस नवा रेडिएटर बसविणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय.

इंजिन गरम असताना झाकण उघडणे अत्यंत धोक्याचे आहे. दाब सुटताच ११० अंशांजवळचे पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर उसळते व गंभीर भाजते. निदान अर्धा तास थांबावे, वरची नळी हाताला कोमट लागेल तेव्हाच ओले गोणपाट ठेवून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे आणि दाब जाऊ द्यावा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्याने हेड तडकू शकते, हेही विसरू नये.

दुरुस्ती की बदल, हा प्रश्न पुष्कळसा धातूवर अवलंबून आहे. जुन्या मालमोटारींचे रेडिएटर पितळी नळ्या, तांब्याच्या पत्र्या व पितळी टाक्या यांचे असतात आणि हे भाग कथील व शिशाच्या मिश्रधातूने जोडलेले असतात. तांबे वितळण्यास १,०८० अंशांहून अधिक उष्णता लागते, पण कथील-शिशाचे मिश्रण १८३ अंशांपासूनच मऊ पडू लागते. त्यामुळे कारागीर टाकी उकलून पुन्हा जोडू शकतो. गावातील कल्हईवाला भांडे तापवून नवसागर फिरवतो आणि मग कथील लावतो. धातूचा पृष्ठभाग स्वच्छ केल्याविना झाळ धरत नाही, हे तत्त्व येथेही तेच. चांगला कारागीर प्रथम रेडिएटरची तोंडे बुचांनी बंद करून तो पाण्याच्या हौदात बुडवितो, बेताने हवा भरतो आणि बुडबुडे येतील तेथे खूण करतो. सांध्यातील गळती डाग देऊन कायमची थांबते. मधली नळी फुटली असेल तर तिची दोन्ही तोंडे बुजवितात. अशा दोनचार नळ्या बंद झाल्याने फारसे बिघडत नाही. मात्र त्याहून बऱ्याच नळ्या निकामी असतील, किंवा पत्र्या हाताने चुरगळत असतील, तर टाक्या ठेवून मधला गाभा नवा घालणे हितावह. टाकी उकललीच आहे तर चांगल्या नळ्यांतून पोलादी पट्टी फिरवून चुना काढावयास सांगावे. ॲल्युमिनियमचा गाभा व प्लॅस्टिकच्या टाक्या असलेल्या नव्या धर्तीच्या रेडिएटरला मात्र असा डाग लागत नाही. तो बहुधा बदलावाच लागतो. हौदातील चाचणी दुरुस्तीनंतर पुन्हा आपल्यासमोर करून घेतल्याखेरीज देयक देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या कामातील शिसे मात्र दुर्लक्ष करण्याजोगे नाही. शिशाची धूळ व धूर मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधक असून त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. शाळेलगत किंवा पाणवठ्याजवळ असे काम चालत असेल तर ग्रामपंचायतीने दुसरी जागा सुचवावी. जमिनीवर सांडलेला डाग झाडून भंगारात द्यावा आणि कारागिराने हात धुतल्याशिवाय भाकरीला स्पर्श करू नये.

गाडी पंचायतीच्या किंवा शासनाच्या मालकीची असेल तर खर्चापूर्वी तिचे वय पाहावे. केंद्र शासनाच्या नियमानुसार शासकीय विभागांच्या व पंचायतींसह स्थानिक संस्थांच्या १५ वर्षांहून जुन्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालत नाही. चौदा वर्षे झालेल्या गाडीला नवा गाभा घालण्यापूर्वी हा हिशेब अवश्य करावा. खाजगी ठेकेदाराच्या गाडीस हा नियम लागू नाही. तिच्यासाठी योग्यता प्रमाणपत्र पाहावे.

रेडिएटर परत बसविताना रबरी बैठका, नळ्या व क्लिपा नव्या घालाव्यात. इंजिन लवकर तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा चुकीची आहे. त्याने इंजिन थंड चालून डिझेल अधिक खाते व झीज वाढते. भरण्यासाठी विहिरीचे पाणी टाळावे. छपरावरून धरलेले स्वच्छ पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी घेऊन त्यात उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात कूलंट मिसळावे, कारण केवळ मृदू पाणीही धातूस गंज चढवते. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड पण विषारी असल्याने जुना द्रव जनावरांच्या हौदाजवळ सोडू नये आणि त्याचे डबे पिण्याच्या पाण्याच्या टाकीपासून दूर ठेवावेत. भरताना झाकण उघडे ठेवून इंजिन मंद चालवावे, आतील हवा निघून गेली की पातळी पुरी करावी. पहिला आठवडाभर रोज सकाळी, इंजिन थंड असताना, ती पातळी पाहून गाडीच्या नोंदवहीत लिहावी. ती उतरत असल्यास सर्वप्रथम क्लिपा आवळून पाहाव्यात, कारण नवी रबरी नळी तापल्यावर थोडी दबते.