शरणपूरची मंडळी

नंदुरबारहून धुळे, मालेगाव करत नाशिकला गेलेला माणूस कामानिमित्त कधी ना कधी शरणपूर रोडवर येतोच. बँका, दवाखाने, कपड्यांची दुकानं, सतत वाहणारी रहदारी. ज्या वस्तीचं नाव या रस्त्याला मिळालं, तिचा पत्ता मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. तिथल्या संत आंद्रिया चर्चमध्ये आजही मराठीत उपासना होते. उत्तर महाराष्ट्रातल्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या आणि बिशपच्या अधिकाराखाली चालणाऱ्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास सांगायचा तर सुरुवात शरणपूरपासूनच करावी लागते.

आपल्या नंदुरबार-नवापूर भागातली परंपरा वेगळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात आलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनमध्ये बिशपपद नव्हतं. नाशिकचं काम त्याआधी सत्तर-बहात्तर वर्षांचं, आणि ते इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचं. 1832 मध्ये सोसायटीची माणसं नाशिकला आली, त्यांत चार्ल्स फरार होते. पेशवाई जाऊन जेमतेम चौदा वर्षं झाली होती. रामकुंडाच्या या क्षेत्रात शाळा काढता आल्या, मुलंही आली, पण मंडळी जमेना. बाप्तिस्मा घेणाऱ्याला घर सुटायचं, रोजगार सुटायचा, विहिरीवर पाणी मिळायचं नाही. 1850 च्या कायद्याने धर्मांतर केलेल्याचा वारसाहक्क कागदावर शाबूत ठेवला, तरी कायदा काही त्याला जेवायला घालत नव्हता.

विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने ही अडचण नेमकी ओळखली. 1854 च्या सुमारास त्यांनी शहराबाहेर ख्रिस्ती लोकांचं स्वतंत्र गावच वसवलं, ते शरणपूर. घरं, शाळा, अनाथाश्रम आणि सुतारकाम-लोहारकाम शिकवणारी कार्यशाळा असा सगळा पसारा त्यात होता. स्वतंत्र गाव केल्याने ख्रिस्ती माणूस बाकी समाजापासून तुटला, हा आक्षेप घेता येईल आणि त्यात तथ्य आहे. पण ज्याला आधीच तोडून टाकलेलं आहे, त्याला उभं राहायला जमीन देणं हेच तेव्हा पहिलं काम होतं, असं माझं मत आहे.

या मंडळीच्या घडणीतला सर्वांत विलक्षण भाग आफ्रिकी मुलांचा. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम भरून निघालेली गलबतं ब्रिटिश नौदल अरबी समुद्रात पकडत असे. सुटका झालेल्यांपैकी अनेकांना मुंबईत उतरवलं जाई. त्यांतली बरीचशी लहान मुलं असत. आईबाप कुठले हे सांगणारं कोणी नाही, परत पाठवावं तर पुन्हा विकली जाण्याची धास्ती. 1860 पासून अशी मुलं शरणपूरला येऊ लागली. नाशिकच्या मातीत ती मराठी आणि इंग्रजी शिकली, रंधा आणि घण चालवायला शिकली, आणि गावातल्या मराठी अनाथांबरोबर एकाच प्रार्थनेला बसू लागली. बाप्तिस्म्याच्या वेळी अनेकांना इंग्रजी नावं मिळाली. त्यांतल्या एकाचं नाव कारस फरार. नाशिकच्या आरंभीच्या मिशनऱ्याचं आडनाव असं एका आफ्रिकी मुलाने पुढे चालवलं.

1865 मध्ये शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईला आले. शेवटच्या आफ्रिका मोहिमेसाठी त्यांनी शरणपूरच्या शाळेतून नऊ तरुण घेतले. सगळेच टिकले नाहीत, काहींनी वाटेत साथ सोडली. एडवर्ड गार्डनर मात्र शेवटपर्यंत राहिला. 1872 मध्ये नाशिकला शिकलेल्या तरुणांची आणखी एक तुकडी लिव्हिंगस्टन यांच्याकडे पोचली. तीत जेकब वेनराइट, कारस फरार आणि मॅथ्यू वेलिंग्टन होते. 1873 च्या मे महिन्याच्या आरंभी, आजच्या झांबियातल्या चितांबो यांच्या गावी लिव्हिंगस्टन वारले. सुसी आणि चुमा या जुन्या सोबत्यांच्या पुढाकाराने शव मीठ लावून वाळवण्यात आलं. हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं. त्या वेळी प्रार्थनाग्रंथातला दफनविधी वेनराइटने वाचला आणि झाडावर नाव-तारीखही त्यानेच कोरली. शरणपूरच्या शाळेतली अक्षरओळख अशी एका खंडाच्या मध्यभागी कामी आली. मग कित्येक महिने पायी चालून या सगळ्यांनी शव समुद्रकिनाऱ्यावर आणलं. 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन झालं, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत वेनराइट होता. वेलिंग्टन त्यानंतर साठ वर्षं जगला आणि 1935 मध्ये मोंबासाला वारला.

1873 च्या तहाने झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. तो तह घडवणारे सर बार्टल फ्रिअर आधी मुंबईचे गव्हर्नर होते, त्यामुळे नाशिकच्या मुलांची त्यांना माहिती होती. 1874 च्या अखेरीस प्राइस मोंबासाला गेले आणि मुक्त झालेल्या गुलामांसाठी तिथे फ्रिअर टाउन वसवलं. त्याचा कणा होता नाशिकहून गेलेले शिक्षक, सुतार आणि लोहार. शरणपूरची आफ्रिकी मुलं गेली, मराठी मंडळी मागे राहिली.

याच काळात सोराबजी खरसेदजी हे पारशी ख्रिस्ती गृहस्थ नाशिकला मिशनच्या कामात होते. त्यांची मुलगी कॉर्नेलिया 1866 मध्ये नाशिकला जन्मली. ऑक्सफर्डला कायदा शिकणारी ती पहिली स्त्री.

नाशिकच्या या मंडळीचा बिशप मात्र बराच काळ मुंबईलाच होता. दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्याला मंडळीत पक्कं करून घेण्याचा विधी, असो की पाळकांचा दीक्षाविधी, मुंबईच्या बिशपकडेच डोळे लावावे लागत. 1929 मध्ये नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पहिले बिशप फिलिप लॉइड हे आधी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या मिरी गावी काम केलेले. 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अँग्लिकन मंडळी त्यात सामील झाली.

या इतिहासाचं बरंचसं लेखन मिशनऱ्यांच्या अहवालांतून आलेलं आहे. वेनराइट आणि फरार यांनी स्वतः लिहिलेल्या हकिकती उरल्या, म्हणून त्यांचा आवाज तरी ऐकू येतो. मागे राहिलेल्या मराठी कुटुंबांचं काय? पहिल्या पिढीतल्या सुताराने, शिक्षिकेने, पाळकाच्या बायकोने काय सोसलं, हे त्यांच्या घरातल्या कागदांवरूनच कळेल. नाशिकच्याच नव्हे, तर नंदुरबार, नवापूर, धुळ्याच्या ख्रिस्ती कुटुंबांनाही माझी विनंती आहे. आजी-आजोबांची पत्रं, शाळेचे दाखले, लग्नाचे जुने फोटो रद्दीत घालू नका. फोटोमागे नावं लिहा, कागदांच्या प्रती काढा आणि एक प्रत जिल्ह्याच्या ग्रंथालयात द्या.