अंगणातली पाखरं, शास्त्रज्ञाची नजर

किनवट म्हटलं की सागवानाचं जंगल आणि पैनगंगा आठवते. पाखरांसाठी मात्र जंगलापर्यंत जायलाच हवं असं नाही. शिंपी पक्षी परसातल्या झाडाची रुंद पानं चोचीनं टोचून शिवतो. त्यासाठी कोळ्याच्या जाळ्याचे आणि कापसाचे तंतू वापरतो. दयाळ पहाटेच गाऊ लागतो, तर कोतवाल तारेवरून झेप घेऊन उडते किडे टिपतो.

पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळीकडे बघावं. तिथं सुगरणींची वसाहत गजबजलेली असते.

याच पाखरानं पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांना खिळवून ठेवलं होतं. १९३० साली हाती नोकरी नसताना ते अलिबागजवळच्या किहीमला राहत होते. घराजवळच सुगरणींची घरटी होती. तासन् तास निरीक्षण करून त्यांनी या पाखरांचा संसार उलगडला. घरटं विणतो नर. ते अर्धवट असतानाच मादी येऊन पारखते. पसंत पडलं तर जोडी जमते, नर घरटं पूर्ण करतो आणि लगेच दुसरं विणायला घेऊन नव्या मादीला साद घालतो. अंडी उबवायचं काम एकट्या मादीचं.

अशा नोंदी आज कुणालाही करता येतात. दर फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ जगभर चालतो. भारत त्यात २०१३ पासून आहे. एका जागी किमान पंधरा मिनिटं थांबायचं, दिसलेले पक्षी मोजायचे आणि यादी ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर नोंदवायची. किनवटच्या शाळेचं आवारही त्यासाठी पुरेसं आहे.