वाक्य बरोबर, निष्कर्ष चूक!
इंग्रजीतल्या अनुमानदर्शक शब्दांविषयीचे गैरसमज

इंग्रजीत अर्ज, ईमेल किंवा प्रबंध लिहिताना आपण स्पेलिंग तपासतो, क्रियापदाचा काळ तपासतो. दोन विधानं जोडणारे शब्द मात्र सवयीनेच लिहितो. तिथे गफलत झाली तर आपण भलतंच काही कबूल करून बसतो, म्हणून हे शब्द नीट समजून घेणं फार गरजेचं आहे.

गैरसमज : 'इम्प्लाय' आणि 'इन्फर' एकच.
वस्तुस्थिती : सुचवणारा 'इम्प्लाय' करतो, ऐकणारा किंवा वाचणारा त्यावरून 'इन्फर' करतो. साहेबांच्या पत्रातून बदलीचा अर्थ निघत असेल, तर 'द लेटर इम्प्लाइज अ ट्रान्सफर'. तो अर्थ आपण काढला, तर 'आय इन्फर फ्रॉम द लेटर'. सर टॉमस मोर यांनी 1528 मध्ये हे दोन्ही शब्द आजच्या मान्य अर्थांनी वापरले आणि 1533 मध्ये 'इन्फर' जवळपास 'इम्प्लाय'च्या अर्थानेही वापरला. म्हणजे ही सरमिसळ जुनीच आहे. तरीही औपचारिक लेखनात फरक पाळावा, कारण अनुमानाची जबाबदारी कोणाची, हे त्यावरून ठरतं.

गैरसमज : 'इफ'ने सांगितलेलं उलट बाजूनेही खरं असतं.
वस्तुस्थिती : आपल्या न्यायशास्त्राने याचं उत्तर केव्हाच दिलं आहे. धूर दिसला की अग्नी आहे असं अनुमान करता येतं; पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. 'इफ' असाच एका दिशेने चालतो. 'ओन्ली इफ' फक्त आवश्यक अट सांगतो. 'यू कॅन अपियर ओन्ली इफ यू हॅव पेड द फी' याचा अर्थ, फी भरल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नाही. फी भरली की प्रवेश नक्की, असं आश्वासन त्यात नाही. हजेरीची अट वेगळी असू शकते. दोन्ही बाजू सांगायच्या असतील तर गणितात 'इफ अँड ओन्ली इफ' लिहितात.

गैरसमज : 'अनलेस'नंतर नकार हवा.
वस्तुस्थिती : 'अनलेस'च्या पोटातच नकार आहे. 'द लोन विल नॉट बी सँक्शन्ड अनलेस यू डोन्ट साइन' असं लिहिलं, तर सही केली नाही तरच कर्ज मिळेल, असा अर्थ होतो! 'अनलेस यू साइन' एवढंच पुरे. 'तू येत नाहीस तोपर्यंत थांबतो' या मराठी वळणामुळे 'अंटिल यू डोन्ट कम' लिहिलं जातं. तिथेही 'अंटिल यू कम' हवं.

गैरसमज : 'सो', 'देअरफोर', 'हेन्स' कुठेही अदलाबदलीने चालतात.
वस्तुस्थिती : अर्थ जवळचे आहेत, वाक्यातली जागा वेगळी आहे. 'सो' उभयान्वयी अव्यय असल्याने त्याआधी स्वल्पविराम चालतो. 'देअरफोर' क्रियाविशेषण आहे; दोन पूर्ण वाक्यांमध्ये ते आलं तर आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम लागतो. भूमितीच्या वहीत आपण काढतो ते तीन ठिपके याच शब्दाचं चिन्ह; योहान रान यांच्या 1659 च्या बीजगणिताच्या पुस्तकात ते आढळतं. 'हेन्स'नंतर नुसतं नामही येऊ शकतं : 'द रोड वॉज क्लोज्ड, हेन्स द डिले'. 'देअरफोर'ला ही सवलत नाही.

गैरसमज : जोडीने आलेले शब्द वाक्य भक्कम करतात.
वस्तुस्थिती : 'जरी–तरी', 'ज्याअर्थी–त्याअर्थी' या जोड्या मराठीत शोभतात. इंग्रजीत 'बिकॉज'ने सुरू झालेल्या वाक्यात पुढे 'सो' नको, 'ऑल्दो'च्या जोडीला 'बट' नको. 'इफ'सोबत 'देन' मात्र चालतं. आणखी एक घोटाळा टाळावा : 'दॅट इज व्हाय'नंतर परिणाम येतो, 'दॅट इज बिकॉज'नंतर कारण.

लिहून झालं की तीन प्रश्न विचारावेत. कारण कोणतं आणि परिणाम कोणता? अनुमान कोणी काढलं? उलट विधानही खरं आहे का? उत्तरं स्पष्ट असतील तर शब्द निवडणं सोपं जातं. ती अंधूक असतील तर आधी विचार नीट करावा. भारदस्त 'देअरफोर' घातल्याने कच्चा युक्तिवाद पक्का होत नाही.